‘रन’चे सहाशे अर्थ पाठ करायचे का?

‘ताई, नमस्कार. मी शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्शनला आहे. शाळा मराठी माध्यमाची, नंतर आयटीआय. काम चांगलं येतं म्हणून साहेबांनी दिवाळीनंतर गिऱ्हाइकांचे मेल बघायचं कामही माझ्याकडं दिलं. मागच्या महिन्यात एका गिऱ्हाइकाचा मेल आला, “वुई हॅव रन आउट ऑफ युवर हब्ज. प्लीज ॲक्ट इमिजिएटली.” मला वाटलं, आपल्या हबचा, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाचा, रनआउट (फिरवताना तो किती डगमगतो ते माप) जास्त निघाला. मी पाठवायला तयार असलेला लॉट अडवला, सगळे नग परत डायलखाली घेतले, रिपोर्ट करून पाठवला. त्यांना एवढंच सांगायचं होतं की हब संपलेत, लगेच पाठवा. त्यांची लाईन थांबली. साहेब सगळ्यांसमोर बोलले. आता पोरं मला “रनआउट” म्हणूनच हाक मारतात. त्या रविवारी डिक्शनरी आणली आणि रनचे अर्थ वहीत उतरवायला बसलो. पानं भरली तरी संपेनात. आपल्या मराठीत कसं, एका शब्दाला एक अर्थ. इंग्रजीत एकेका शब्दाला एवढे अर्थ असतील तर माझ्यासारख्यानं ते कधी पाठ करायचे? का मेलचं काम साहेबांना परत देऊन टाकू?’

भाऊ, काम परत देऊ नका. वहीतली ती यादी मात्र आजच थांबवा. तुमच्या कष्टाला नावं ठेवायची नाहीत मला, पण त्या वाटेनं गेलात तर वर्षभरानंही हाती काही लागणार नाही, आणि वर मन खचेल ते वेगळंच.

आधी त्या चुकीबद्दल बोलू, कारण तुमच्या पत्रातलं खरं दुखणं तिथं आहे. तुमच्या पत्राचा सूर असा आहे की इंग्रजी येत नाही म्हणून चूक झाली. मला तसं वाटत नाही. रनआउट हा शब्द तुमच्या रोजच्या हाताखालचा आहे. नग फिरवायचा, डायलचा काटा किती हलतो ते बघायचं, सगळ्यात वरचं आणि सगळ्यात खालचं वाचन यातला फरक लिहायचा. हे वर्षानुवर्षं केलेल्या माणसाला हब आणि रन आउट हे शब्द एका ओळीत दिसले, तर त्याचं मन सरळ डायलकडंच धावणार. इन्स्पेक्शनशी संबंध नसलेल्या कारकुनाला हा घोटाळा झालाच नसता, कारण त्याला तो अर्थ ठाऊकच नाही. तुमचं ज्ञान कमी पडलं नाही. एक अर्थ इतका पक्का होता की दुसऱ्याला आत शिरायला जागाच मिळाली नाही. या दोन गोष्टींत फार अंतर आहे, आणि उपायही त्यामुळे वेगळा आहे. अर्थांची भर घालून हे सुटणार नाही. वाक्यात कुठला अर्थ बसलाय ते ओळखायची सवय लागली की सुटेल.

यादी संपत का नाही तेही सांगते, म्हणजे आपण मंद आहोत की काय ही शंका जाईल. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली आली. त्यात सगळ्यात लांब नोंद होती ‘सेट’ या क्रियापदाची. अर्थ ४३०, आणि नुसत्या त्या एका नोंदीचा मजकूर ६०,००० शब्दांचा. पुढं तिसऱ्या आवृत्तीसाठी ‘रन’ची नोंद नव्यानं तयार झाली तेव्हा त्या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ भरले. पीटर गिलिव्हर नावाचे तिथले संपादक त्या एका शब्दावर नऊ महिने काम करत होते. आयुष्यभर शब्दकोशाचंच काम करणाऱ्या माणसाला जिथं नऊ महिने लागतात, तिथं तुमचा एक रविवार पुरला नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. आणि हे ६४५ अर्थ कुठल्याही इंग्रजाला पाठ नाहीत, हे मी खात्रीनं सांगते. तो बोलतो, समोरच्याला कळतं, काम पुढं जातं.

शब्दाला एवढे अर्थ फुटतात कसे? जो शब्द लहान, जुना आणि सतत वापरातला, त्याच्यावरच नव्या कामांचा भार पडतो. जॉर्ज झिफ या अमेरिकन अभ्यासकानं १९४५ मध्ये हेच मांडलं, की शब्दाचा वापर जितका जास्त तितके त्याचे अर्थही जास्त. रन हा शब्द जुन्या इंग्रजीत माणसाच्या पळण्याला होता तसा पाण्याच्या वाहण्यालाही होता. पळणं आणि वाहणं यांत सारखं काय? न थांबता पुढं जात राहणं. हे एक चित्र डोक्यात ठेवा. पुढं घड्याळं आली, माग आले, आगगाड्या आल्या, आणि त्या सगळ्यांच्या अखंड चालण्याला इंग्रजांनी हाच शब्द लावला. मग कारखाना रन करणं, म्हणजे तो चालवणं. करार मार्चपर्यंत रन होतो, म्हणजे तोवर तो चालू आहे. रस्ता नदीच्या कडेनं रन होतो, तिथं रस्ता जागचा हलत नाही, पण आपली नजर त्याच्यावरून पुढं जात राहते. साखरेचा आजार एखाद्या घराण्यात रन होतो, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या खाली येत राहतो. धुण्यात साडीचा रंग रन होतो, म्हणजे पाण्याबरोबर वाहून दुसऱ्या कपड्याला लागतो. आणि पुढं जाता जाता एखादी गोष्ट शेवटाला आली, आता पुढं काही उरलंच नाही, की झालं ‘रन आउट’. तुमचे हब असे संपले.

आपल्या कोल्हापूरचंच एक उदाहरण घ्या. भाऊसाहेब निंबाळकर. इथंच जन्मले, इथंच वारले. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून खेळताना त्यांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा तेव्हाचा विक्रम होता नाबाद ४५२, म्हणजे अवघ्या नऊ धावा राहिल्या होत्या, आणि काठियावाडच्या कप्तानानं सामनाच सोडून दिला. त्या नऊ धावांची हळहळ जुन्या कोल्हापूरकरांच्या बोलण्यात अजून येते, आणि यायलाच हवी. पण मला इथं दाखवायचंय ते वेगळं. त्या ४४३ मध्ये ४९ चौकार आणि एक षटकार होता. म्हणजे २०२ धावा न धावता झाल्या. तरी त्या रनच. मुळात दोन्ही टोकांमध्ये धावणं मोजायचे म्हणून त्याला रन म्हटलं, पुढं चेंडू सीमेपार गेला की धावायची गरजच उरली नाही, तरी नाव मागं राहिलं. शब्द असाच पसरत जातो. कुणी बसून ६४५ अर्थ ठरवलेले नसतात. एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा असे ते निघत जातात, आणि कधी कधी पहिला अर्थ मागं सुटतो.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला अजिबात मान्य नाही. मराठीत एका शब्दाला एक अर्थ? भाऊ, ‘लागणे’ घ्या.

सकाळी उठून स्टँडवर जा, राधानगरीची गाडी फलाटाला लागलेली असते. तीत बसलं की कुणाला तरी गाडी लागते आणि तो खिडकीला डोकं टेकतो. शेतात उसाची लागण चालू असते, तिला माणसं लागतात, पैसा लागतो, पाणी लागतं. खासबागेत कुस्ती लागते. दहावीचा निकाल लागतो. मिसळ तिखट लागते, मग तहान लागते. पायाला ठेच लागते, पोराला मोबाइलचा नाद लागतो, दुपारी जरा डोळा लागतो, आणि लग्नात कुणी भेटलं की आजी विचारते, हा तुझा कोण लागतो? सांगा, यातले किती अर्थ तुम्ही पाठ केले होते? दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश एखाद्या वाचनालयात उघडून लागणेची नोंद बघा. तुम्ही रनची यादी करत होता तसा एखादा इंग्रज लागणेची यादी करायला बसला, तर त्याचेही हात दुखतील.

यातली गाडीची दोन वाक्यं परत वाचा. ‘गाडी लागली’ म्हटलं की पिशव्या उचलून आपण फलाटाकडं पळतो. ‘मला गाडी लागली’ म्हटलं की शेजारचा माणूस पिशवी नाहीतर लिंबू शोधतो. नाम तेच, क्रियापद तेच, फक्त ‘मला’ हा एक शब्द वाढला. तुम्ही आयुष्यात कधी या दोन वाक्यांत गफलत केली नसेल, कारण लहानपणापासून तुमचा कान त्या ‘मला’वर बसलेला आहे. इंग्रजीतही नेमकं हेच करायचंय. रनवर नजर खिळवायची नाही, त्याच्या शेजारी कोण बसलंय ते बघायचं. तुमच्या त्या मेलमध्ये सगळा अर्थ ‘ऑफ’ या शब्दात होता. रन आउट ऑफ, आणि त्यापुढं वस्तूचं नाव, हे आलं की ती वस्तू संपली. हब असोत, डिझेल असो, वेळ असो. गिऱ्हाइकाच्या मेलमध्ये तिथं दुसरा अर्थ सहसा निघत नाही.

मापातला रनआउट येतो तेव्हा त्याचे सोबती वेगळे असतात. तो नाम असतो, बहुधा जोडून लिहिलेला, आणि त्याच्या आसपास आकडा असतो, मिलिमीटर किंवा मायक्रॉन असतं, कुठल्या डेटमपासून, म्हणजे आधार धरलेल्या पृष्ठापासून किंवा अक्षापासून, मोजायचं ते असतं. ड्रॉइंगवर तर तुम्ही तो अक्षरांशिवायही ओळखता. चौकटीत एक तिरका बाण म्हणजे सर्क्युलर रनआउट, दोन तिरके बाण म्हणजे टोटल रनआउट. गिऱ्हाइकाला खरोखर ती तक्रार असती तर त्यानं ०.०८ आलाय, ०.०५ हवा, असं काहीतरी लिहिलं असतं. आकडा नाही, नग क्रमांक नाही, फोटो नाही, अशी मापाची तक्रार सहसा येत नाही. हे इंग्रजीचं ज्ञान नव्हे. हे तुमच्याच धंद्याचं ज्ञान आहे, आणि मेल वाचताना ते बाजूला ठेवायचं काही कारण नाही.

शेजारच्या फाउंड्रीत जाऊन विचारलंत तर रनआउटचा तिसराच अर्थ निघेल. साच्याच्या दोन भागांच्या फटीतून लोखंडाचा रस बाहेर फुटला की तिथली माणसं त्याला रनआउट म्हणतात. रस ज्या वाटेनं आत जातो तो रनर. आणि साचा पुरता भरायच्या आत रस थंड होऊन जागीच गोठला तर तो नग मिसरन. बघा, हे तिन्ही शब्द वाहण्याचे आहेत, म्हणजे तोच जुना अर्थ आपल्या उद्यमनगरात आणि शिरोलीत रोज बोलला जातो. संध्याकाळी मैदानावर पोरं रनआउटचं अपील करतात तो चौथा. यातले बरेच तुम्हाला आधीपासून येतात. कुणी शिकवले नाहीत. फाउंड्रीत उभं असताना क्रिकेटचा रनआउट तुमच्या मनात येत नाही, कारण जागा सांगते. मेलला मात्र जागा नसते, तो कुठूनही येतो आणि तुमच्या टेबलावर पडतो. म्हणून मेल वाचताना एक काम जास्तीचं करायचं, पाठवणारा कोण ते आधी बघायचं. खरेदी विभागाचा माणूस बहुतेक वेळा नग, तारीख आणि पैसे यांबद्दल लिहितो. क्वालिटीचा माणूस मापाबद्दल. तो मेल खरेदीच्या माणसाचा होता की क्वालिटीच्या, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. जाऊन परत बघाच.

तुमच्या कामात रन आणखी कुठं भेटेल तेही सांगते, पण यादी म्हणून वाचू नका, वाक्य म्हणून वाचा. ‘वुई आर रनिंग लो ऑन हब्ज’ म्हणजे अजून संपले नाहीत, संपत आलेत. असा मेल आला तर तो तुमच्यावर उपकार समजा, तयारीला वेळ मिळाला. ‘रनिंग लेट’ म्हणजे उशीर होतोय. ‘वुई रॅन इंटू अ प्रॉब्लेम’, अडचण आली. ‘प्लीज रन धिस बाय युवर क्वालिटी टीम’, इथं पळवायचं काही नाही, क्वालिटीच्या लोकांना दाखवून त्यांचं मत घ्या एवढंच. ‘द कॉस्ट विल रन टू’ आणि पुढं आकडा, म्हणजे खर्च तेवढ्यावर जाईल. ‘ट्रायल रन’ तुम्हाला माहीत आहे. ‘रन ॲट रेट’ मात्र नीट समजून ठेवा, कारण गाडीच्या कंपन्यांना माल देणाऱ्यांना तो चुकत नाही. तुम्ही कबूल केलेल्या वेगानं, तुमच्याच नेहमीच्या मशीनवर, नेहमीच्या माणसांकडून खरंच तेवढे चांगले नग निघतात का, हे गिऱ्हाईक बघतं तो हा प्रकार. ‘वुई विल कम फॉर रन ॲट रेट’ असं कुणी लिहिलं आणि तुम्ही नुसती ट्रायलची तयारी ठेवलीत, तर पुन्हा घोटाळा होईल.

या वाक्यांत एक गंमतही दिसते. इंग्रजाची मशीन पळते, आपली चालते. त्याचं नाक पळतं, आपलं वाहतं. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीला रन करतो, ब्रिटनमध्ये तो स्टँड करतो, आणि आपल्याकडंही तो उभाच राहतो. म्हणून रनला एकच मराठी शब्द ठरवून ठेवू नका. धावणे, चालणे, चालवणे, वाहणे, संपणे, यांतलं जे वाक्यात बसेल ते घ्या.

वही फेकू नका, तिचं काम बदला. तुमच्या स्वतःच्या मेलमध्ये आलेलं वाक्य, ज्यानं तुम्हाला अडवलं, ते आख्खं उतरवा. खाली मराठीत लिहा की त्याला काय हवं होतं. रनखाली अर्थ नाही लिहायचे, ‘रन आउट ऑफ हब्ज’ हा आख्खा तुकडा लिहायचा. ज्या धंद्यात आपण असतो तिथं तेच ते तुकडे फिरून फिरून येतात, त्यामुळे काही महिन्यांत तुमच्या लक्षात येईल की नवीन वाक्य क्वचितच उतरवावं लागतंय. डिक्शनरी कुठली आणलीत ते कळवा. जुन्या पद्धतीचे मोठे कोश सगळ्यात जुना अर्थ आधी देतात, तो आज कुणी वापरत असो वा नसो. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी काढलेले कोश नेहमीच्या वापरातला अर्थ आधी देतात आणि प्रत्येकाला उदाहरणाचं वाक्य जोडतात. तुम्हाला दुसरा प्रकार हवा. त्यातही अर्थ वाचण्याआधी उदाहरण वाचा.

साहेबांशी एकदा बोलाच. सगळ्यांसमोर बोलायला नको होतं, हे माझं स्पष्ट मत आहे; पण ते त्यांच्या कानावर घालण्याची ही वेळ नाही. त्यांना इतकंच सांगा की लॉट अडवायचा किंवा लाईन थांबवायची असा निर्णय एका मेलवर अवलंबून असेल, तर तो मेल दोघांनी वाचावा. यात तुमचा कमीपणा नाही. मापाच्या बाबतीत शंका आली तर दुसऱ्या माणसाकडून मोजून घेता की नाही तुम्ही? पोरांचं म्हणाल तर चिडू नका आणि हसून सोडूनही देऊ नका. त्यांतल्या दोघाचौघांना बसवून तो मेल दाखवा, आणि ‘ऑफ’वर बोट ठेवून समजावून सांगा. त्यांच्यातल्या कुणाला ना कुणाला उद्या मेल बघायची वेळ येणारच आहे, आणि त्याला हे तुमच्याकडून कळलं तर टोपणनाव आपोआप मागं पडेल.

आणि शंका आली की गिऱ्हाइकाला विचारा. यात भीड धरायची नाही. गिऱ्हाइकाला सुंदर इंग्रजी नको असतं, त्याला माल हवा असतो. असं लिहा: ‘डिअर सर, प्लीज कन्फर्म. इज धिस अबाउट स्टॉक ऑर अबाउट रनआउट मेजरमेंट? लॉट इज रेडी. वुई कॅन डिस्पॅच टुडे.’ उत्तर यायला अर्धा तास लागला तर सरळ फोन करा, फोनवर मराठीत बोललात तरी चालतंय. तोवर लॉट डायलकडं न्यायचा नाही, गाडीजवळच ठेवायचा.